खराब तेवढं बाजूला

सिग्नल लाल झाला म्हणून बस थांबली, आणि बस थांबली म्हणून मला आई दिसली. पलीकडच्या फुटपाथवर, औषधांच्या दुकानासमोर. खांद्याला कापडी पिशवी, केस चापूनचोपून विंचरलेले, पायात बाहेरच्या चपला. घरातल्या सपाता नव्हेत, बाहेरच्या, पट्टा लावायच्या, आणि दोन्ही पट्टे लावलेले. ही माझी आई, जिने आज सकाळी मला बाथरूमचं दार कुठलं म्हणून विचारलं होतं. जिच्या चपलांचे पट्टे गेले कित्येक महिने मी खाली वाकून लावते. ती चालणाऱ्यांच्या दिव्याकडे बघत उभी होती. दिवा हिरवा झाला तशी तिने उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं आणि निघाली. निघाली म्हणजे काय, तरातरा निघाली. पुढे एक जोडपं रेंगाळत चाललं होतं, त्यांना तिने बाजूने गाठून मागे टाकलं. वर वळून डोळे वटारले, रस्त्यात कसल्या गप्पा मारता म्हणून. मी काचेला नाक लावून बघत होते आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, नाटक करतेय. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, कोण? मी म्हटलं, आई. आणि मोठ्यांदा हसले. ते बिचारे पिशवी पोटाशी धरून जरा सरकून बसले.

आता कुणालाही वाटेल की अशा वेळी बाईचं डोकं फिरायला हवं. महिनोन्महिने आपली आई आपल्याला बनवतेय हे कळल्यावर कोण नाचतं? मी नाचत होते. बसमध्ये जागा नव्हती म्हणून, नाहीतर खरोखर नाचले असते. तळहातांना घाम फुटला, कान गरम झाले, आणि छातीत असं काही उड्या मारायला लागलं की मी पुढच्या सीटची दांडी घट्ट धरली. कारण साधा हिशेब होता. आई नाटक करतेय म्हणजे आईला काही झालेलं नाही. तिचं डोकं शाबूत आहे. ती खोटारडी आहे, लबाड आहे, पक्की बेरकी आहे, पण शाबूत आहे. आणि आजच संध्याकाळपर्यंत आम्हाला त्या संस्थेला हो की नाही ते कळवायचं होतं. संस्था आठवण गेलेल्या म्हाताऱ्यांची, गावाबाहेर, बाग असलेली, स्वच्छ, दयाळू, आणि बाहेरच्या दाराला आतून न उघडणारं कुलूप असलेली. दादाने खोली बघून ठेवली होती. पूर्वेची खिडकी आहे म्हणाला होता, जसं काही आम्ही आईसाठी फ्लॅट घेत होतो. मी त्यासाठीच अर्धी रजा टाकून घरी निघाले होते, वाटेत रडायचं उरकून घ्यावं म्हणून बसने. आणि रडायच्या जागी हे.

लोकांची सोंगं ओळखणं हा माझा धंदाच आहे. विमा कंपन्या, कोर्ट, पेन्शनवाले, सगळे आमच्याकडे माणसं पाठवतात. अपघातानंतर काही आठवत नाही, कानात कुणीतरी बोलतं, आकडे कळेनासे झालेत. यातली बहुतेक खरं बोलतात. काही वाढवून सांगतात. आणि काही साफ थापा मारतात. कोण कुठला हे सांगायचं माझं काम. ऑफिसात मला 'नाक' म्हणतात. मी चिडल्यासारखं करते, पण मला ते आवडतं. मागे एक लिफ्ट दुरुस्त करणारा आला होता. डोक्याला मार बसला, मागचं सगळं पुसलं गेलं म्हणाला. लग्न आठवतं का विचारलं तर नाही म्हणाला, आणि लगेच पुढे, निळा कोट घातला होता, बाह्या आखूड होत्या, तोसुद्धा आठवत नाही म्हणाला. मला हसू दाबता दाबेना. खोटं बोलणारा न विचारलेलं फार सांगतो. खऱ्याचं तसं नसतं. खरं बोलणारा एका शब्दात उत्तर देतो आणि गप्प बसतो, त्याला आपण पटतोय की नाही याची फिकीर नसते. उलट कधी कधी मी अहवालात लिहिते, सदर व्यक्ती लक्षणांचे सोंग करीत नाही. हे एक वाक्य ऐकून एक बसड्रायव्हर बाई माझ्या टेबलावर डोकं ठेवून हमसाहमशी रडली होती. कुणीतरी विश्वास ठेवला म्हणून. त्या वाक्याएवढं चांगलं वाक्य माझ्या हातून दुसरं लिहिलं जात नाही, असं मला वाटायचं.

मी पुढच्या स्टॉपला उतरले आणि पळत मागे आले. या वयात, ऑफिसची बॅग हापटत, पळत. आणि पळतापळता डोक्यात सगळं भराभर जुळत होतं. दुपारी कामाच्या मावशी जेवण आटोपून घरी जातात, आई झोपलेली असते, मी येईपर्यंत मधे थोडाच वेळ. बाहेरून ओढलं की आपोआप लागणारं लॅच, आईचा हात पोचू नये म्हणून दाराला उंच बसवलेलं. म्हणजे स्टूल घेतलं, चढली, लॅच उघडलं. विसरलेल्या बाईला स्टूल घ्यायचं सुचतं का? आणि का करतेय, तर तेही मला धावताना कळलं. बाबा गेले. आई आधी दादाकडे राहिली, मग माझ्याकडे आली. माझ्याकडे म्हणजे काय, माझ्या फ्लॅटकडे, कारण मी असायचेच कुठे? सकाळी जाणार, दिवे लागल्यावर येणार, आल्यावर फाइली. आणि मग एके दिवशी आईने साखरेच्या डब्यात मीठ ओतलं. दुसऱ्या आठवड्यात मला माझ्या आत्याच्या नावाने हाक मारली. आणि मी लवकर घरी यायला लागले. तिचे केस विंचरायला लागले. नखं कापून द्यायला लागले, तिचा हात हातात घेऊन, एकेक बोट. या बाईने जन्मभर बटणांच्या कारखान्यात पाळ्या केल्या, तिचं नख कुणी कधी कापलं? तिने मागितलं नसतं, मेली तरी मागितलं नसतं. मग काय करणार? विसरणार. मला एवढं प्रेम आलं तिचं की मी एका फळवाल्याच्या गाडीवर आदळले आणि त्यालाच सॉरी म्हणायच्या ऐवजी थँक्यू म्हणाले.

पुढे पूल लागतो, तो चढायच्या आधीच्या बाकावर ती बसलेली सापडली. पिशवी मांडीवर, पाठ ताठ. मला बघून ती दचकली. मी शपथेवर सांगते, दचकली, आणि तिच्या चेहऱ्यावर ते आलं जे मी रोज बघते. पकडलं गेल्याचं. आई, कुठे निघाली होतीस, मी विचारलं. अगदी गोड आवाजात, ऑफिसच्या आवाजात. ती म्हणाली, "उशीर झाला गं." बस, एवढंच. मी मनात म्हटलं, वा, काय विषय बदललाय, माझ्याच उशिराचं निमित्त करून माझ्यावरच उलटवतेय. मी तिचा हात धरला आणि आम्ही घरी आलो. वाटेत ती एकदा मागे वळून पुलाकडे बघत होती. मी एकदाही वळले नाही, मला घाई होती.

कारण माझ्या बॅगेत संच होता. चित्रांचा. साधी रेघांची चित्रं आहेत, किटली, शिडी, चष्मा, कुलूप, असली. एकेक करून दाखवायची. मग जोडीजोडीने समोर धरायची, एक आधी दाखवलेलं, एक नवीन. आधी दाखवलेल्यावर बोट ठेवायचं. दिसायला अवघड, करायला पोरखेळ. मेंदूला खरोखर मार बसलेली माणसंसुद्धा यात बरीच बरोबर येतात. आणि समजा, एखाद्याला काही म्हणता काही आठवलं नाही, तर तो अंदाजपंचे बोट ठेवणार, आणि नुसत्या अंदाजाने निम्मी बरोबर यायचीच. डोळे मिटून बोट ठेवणाऱ्याचीही येतात. पण सोंग करणाऱ्याला वाटतं, आपण विसरलोय तर आपलं चुकायला हवं. म्हणून तो चुकतो, चुकत चुकत निम्म्याच्या खूप खाली जातो, आणि तिथेच सापडतो. कारण इतकं चुकायचं तर बरोबर कुठलं ते माहीत असावं लागतं. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी लायब्ररीत टेबलावर मूठ आपटली होती, इतकं ते सुंदर वाटलं. नवीन आलेल्या मुलींना शिकवताना आजही माझा आवाज चढतो. आणि शेवटी मी त्यांना एक बजावते, निकाल लिहायच्या आधी समोरच्याला विचारा, मी तुम्हाला काय करायला सांगितलं होतं? कधी कधी सूचनाच पोचलेली नसते. हे मी इतक्यांदा सांगितलंय की मुली चहाच्या वेळी माझी नक्कल करतात. घरच्या माणसाची तपासणी करायची नाही, हेही त्यांना मीच सांगते. ते त्या दिवशी मला आठवलं, नाही असं नाही. पण आठवून काय करायचं होतं? आमच्या डॉक्टरांनी मेंदूचे फोटो बघून नुसते खांदे उडवले होते, वयाप्रमाणे आहे म्हणाले, वाढेलही, नाहीही वाढणार. आणि हातात संध्याकाळपर्यंतचाच वेळ होता.

आईला मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं. पाणी दिलं. समजावून सांगितलं, आता मी तुला चित्रं दाखवते, नीट बघ, मग दोन दोन दाखवेन, त्यातलं आधी पाहिलेलं दाखवायचं. तिने हो हो केलं. मग म्हणाली, उजेड कमी आहे इथे. मी हॉलमधला टेबललँप आणून लावला. तिने खिशातून रुमाल काढला आणि दहाही बोटांची टोकं एकेक करून पुसली, सावकाश, आणि दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवले. मला हसू आलं. काय तयारी, म्हटलं, स्टेजवर जायच्या आधी नटसुद्धा इतकी करत नसेल. आणि त्या बोटं पुसण्याने मला एकदम आमचं जुनं घर आठवलं. सुट्टीच्या दिवशी आई कारखान्यातून नमुन्याची बटणं आणायची, पलंगावर चादर ताणायची आणि मूठभर ओतायची. दादा आणि मी दोन्ही बाजूंना पालथे पडायचो. आधी बोटं पुसा, ती म्हणायची. तेलकट बोट नको. मग एक बटण उचलून दाखवायची, हा नमुना, बघून घ्या, याच्यासारखं नाही ते बाजूला. आणि एकच नियम, चांगल्याला हात लावायचा नाही. हात फक्त खराबला. चांगलं आपोआप पुढे जातं. दादा नेहमी गोंधळायचा, मला चटकन दिसायचं, भोक जरा सरकलेलं, कडेला टवका उडालेला. आई म्हणायची, हिला नजर आहे. माझं नाक म्हणतात ते असं पलंगावर तयार झालेलं आहे. ती वीसेक वर्षं पांढऱ्या दिव्याखाली बसून हेच करत होती, आणि घरी येऊन आम्हाला खेळ म्हणून तेच शिकवत होती, कारण दुसरा खेळ तिला येत नव्हता.

मी चित्रं दाखवली. ती वाकून बघत होती, डोळे बारीक करून. मग जोड्या सुरू केल्या. किटली आणि बादली. किटली पाहिलेली. आईने बादलीवर बोट ठेवलं. ठीक आहे. शिडी आणि पंखा. पंख्यावर. चष्मा आणि कात्री. कात्रीवर. माझा पाय टेबलाखाली हलायला लागला. कुलूप आणि टोपी, टोपीवर. मी चेहरा दगडासारखा ठेवला होता, तो आमचा पहिला धडा, पण आत फटाके वाजत होते. चूक. चूक. परत चूक. आणि काय झपाट्याने, ना अडखळणं, ना विचार करणं. सोंग करणारी माणसं जरा थांबतात, हिशेब करतात, आत्तापर्यंत जास्त तर बरोबर आलं नाही ना. आई थांबतच नव्हती. मी मनात म्हटलं, आईच ती, कसलेली आहे, एका दमात थाप मारते. मधे एकदा तिने चुकून बरोबरवर बोट नेलं आणि लगेच मागे घेऊन दुसऱ्यावर ठेवलं. हे बघून तर मला उठून तिचा मुका घ्यावासा वाटला. बरोबर काय ते बघितलं आणि मुद्दाम सोडून दिलं. याहून मोठा पुरावा कुठल्या कोर्टाला लागतो? संच संपला तेव्हा मला मोजायचीही गरज नव्हती, तरी मोजलं. सगळंच्या सगळं चूक. निम्म्याच्या खाली म्हणजे किती खाली, तळाला. माझ्या सगळ्या नोकरीत इतकं खाली कुणी गेलं नव्हतं. माझी आई सगळ्यांत अव्वल खोटारडी निघाली होती.

मी गॅलरीत जाऊन दादाला फोन लावला. मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही, भडाभडा बोलले. खोली नको, काही नको, ती नाटक करतेय, मी पकडलं तिला, रस्ता ओलांडताना बघितलं, तपासलंसुद्धा, आकडा आहे माझ्याकडे. दादा माझ्यासारखा नाही, त्याला कुठलीही गोष्ट पोचायला वेळ लागतो. मग त्याने सावकाश विचारलं, "म्हणजे तिला सगळं कळतंय?" मी म्हटलं, सगळं. मग मला पलीकडून एक आवाज आला, आणि मला आधी वाटलं तो हसतोय. तो रडत होता. माझा घोड्याएवढा भाऊ, दुकानात गिऱ्हाइकं असताना. मग नाक शिंकरून म्हणाला, ठमे, मी येतो, केक घेऊन येतो, आणि चांगली कान धरून विचारतो तिला. वहिनीलाही सांगतो म्हणाला. मी म्हटलं, सगळ्यांना सांग. संस्थेला तेवढं आधी सांग, नको म्हणून. तो म्हणाला, समोरासमोर बसून करू तो फोन, तिच्यादेखत, तिलाही जरा मजा येऊ दे. फोन ठेवून मी गॅलरीच्या कठड्याला धरून उभी राहिले. खाली एक बाई सायकल शिकत होती, पडत होती, परत चढत होती, आणि मला तिचंसुद्धा कौतुक वाटत होतं. मी मनात योजना करत होते. नोकरीत वेळ कमी करून घ्यायचा. आईला म्हणायचं, तुला नाटक करायची गरज नाही, मी येत जाईन लवकर, नखं कापत जाईन, तू फक्त साखरेत मीठ टाकू नकोस. ती लाजेल. मग रागावेल. मग मी तिला चिडवेन, जन्मभर चिडवेन, माणसं जमली की सांगेन.

आत आले तर आई अजून टेबलाशीच बसलेली होती. संचातली चित्रं सुट्ट्या पानांची आहेत, पुठ्ठ्यासारखी, जोड्यांची पानं मी तशीच पसरून गेले होते. तिने ती मधल्या रेघेवर फाडली होती. नीट, नखाने घडी दाबून, सरळ. ऑफिसचा महागडा संच, पण मला त्याचं काही वाटलं नाही, कारण तिने त्याचे दोन ढीग केले होते. एक तिच्या डाव्या हाताला, नीट लावलेला. तिथे किटली होती, शिडी होती, चष्मा होता, कुलूप होतं. दुसऱ्या ढिगात बादली, पंखा, कात्री, टोपी. तो तिने माझ्याकडे सरकवला. मी उभीच होते. माझं तोंड अजून हसरं होतं, ते मला जाणवत होतं, गालांना ताण बसला होता. मी तिला विचारलं. जो प्रश्न मी मुलींना आधी विचारायला सांगते तो मी आत्ता विचारला.

"आई, मी तुला काय करायला सांगितलं होतं?"

"खराब तेवढं बाजूला काढायला," ती म्हणाली. आणि गप्प बसली.

पुढे काहीच बोलली नाही. मला पटतंय की नाही तेही तिने बघितलं नाही. रुमालाने बोटं पुसत बसली. मी म्हटलं, पुन्हा एकदा बघू या, आई, आता नीट ऐक, आधी दाखवलेलं दाखवायचं, जे तू आधी पाहिलंस ते. ती म्हणाली, हो. मी फाटलेल्या तुकड्यांतले दोन समोर धरले, किटली आणि बादली. तिने बादलीवर बोट ठेवलं. मी तिचा हात धरून किटलीवर नेला. तिने तो हळूच मागे घेतला आणि मला समजावलं, नवीन मुलीला समजावतात तसं, चांगल्याला हात लावायचा नाही. मग मी तिची पिशवी उघडली. आत तिचा जुना हिरवा एप्रन होता, घडी घातलेला, कुठल्या कपाटातून शोधला होता कोण जाणे, आणि रिकामा डबा. पुलापलीकडे कारखाना होता. आता तिथे मोटारी विकायचं दुकान आहे, काचेचं. ती कामावर निघाली होती. रस्ता तरातरा ओलांडत होती, कारण उशीर झाला होता. दचकली ती मी पकडलं म्हणून नव्हे. उशिरा येणाऱ्या बाईला गेटवर कुणीतरी अडवलं म्हणून दचकली. चित्रं तिला सगळी आठवत होती, एकूण एक. मी समोर बसलेय हे, आजचा दिवस हा आहे हे, मी मिनिटापूर्वी काय सांगितलं हे, तेवढंच तिच्या डोक्यात नव्हतं. आणि चमत्कार असा की माझा आनंद लगेच थांबलाच नाही. धावत आलेलं माणूस दारात आल्यावरही दोन पावलं पुढे जातं तसा तो आत धावतच होता. एकीकडे मला कळत होतं, आणि एकीकडे मी बघत होते की तिने एकही चूक केली नव्हती. एकही. इतक्या वर्षांनंतर, एकही खराब बटण पुढे गेलं नव्हतं.

दादा आला तो जिन्यातूनच हाका मारत आला. हातात केकचा खोका, शर्ट अर्धा बाहेर. दार उघडताच त्याने मला एका हाताने जवळ ओढलं आणि सरळ स्वयंपाकघरात गेला. काय गं आई, नाटक कंपनी काढतेस की काय, तिकीट तरी लाव, पोरांना फुकट रडवलंस. असं काहीबाही तो बोलत होता आणि तिच्या खांद्यांना धरून हलवत होता. आई हसली. तो हसत होता म्हणून हसली, तोंडभर, आणि म्हणाली, काहीतरीच तुझं. दादाने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले, बघ कशी पकडली गेली म्हणून. मग सुरी शोधायला ओटा धुंडाळायला लागला. मी टेबलाला टेकून उभी होते. मला ते वाक्य येत होतं, मी ते किती वेळा लिहिलंय, किती लोकांना मी त्या वाक्याने सोडवलंय.

"दादा," मी म्हटलं, "ती सोंग करत नाहीये."

त्याला पोचायला वेळ लागला. पोचेपर्यंत त्याने केक कापलासुद्धा होता. मग मी त्याला दोन्ही ढीग दाखवले, एप्रन दाखवला, डबा दाखवला. तो डबा उघडून आत बघत राहिला, बराच वेळ, रिकामा होता तरी. पण तू तर म्हणालीस, एवढं तो बोलला आणि पुढचं गिळलं. माझ्यावर चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त विचारलं, मग आता? मी म्हटलं, उद्या ती परत पूल गाठायला निघेल. परवा निघेल. दिवा प्रत्येक वेळी हिरवा असेलच असं नाही. फोन कर त्यांना, हो म्हणून सांग, सकाळीच आणतो म्हण. तो उठला आणि गॅलरीत गेला. जाताना त्याने आईच्या पुढ्यात केकची ताटली ठेवली आणि तिच्या डोक्यावर एकदा हात फिरवला, चुकून फिरल्यासारखा.

मी आईच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. तिने केकला हात लावला नाही, बोटं चिकट होतील म्हणाली. चांगल्यांचा ढीग परत एकदा कडा जुळवून सारखा केला. दिव्याखाली तिचे हात म्हातारे दिसत होते आणि नखं व्यवस्थित कापलेली होती, ती मीच रविवारी कापली होती. मला तिला सगळं सांगायचं होतं. सांगितलं असतं तरी तिथवर पोचलं नसतं, आणि पोचलं असतं तर आणखी वाईट. गॅलरीतून दादाचा दबका आवाज येत होता, हो, हो, पूर्वेचीच खोली. आई माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर दिवसभराच्या कामानंतरचं समाधान होतं.

"उद्या माझी पहिली पाळी आहे," ती म्हणाली. "लवकर उठवशील ना?"

उठवते, मी म्हटलं. एवढं पुरे होतं. तिने मान हलवली, तिचं समाधान झालं होतं, ती ढिगाकडे वळलीसुद्धा होती. पण मी थांबले नाही. अंधारातच उठवते म्हटलं. आधी चहा करते, मग तुला हाक मारते. एप्रन आज धुऊन टाकते, सकाळी इस्त्री करते, खिशाचा टाका सुटलाय तो घालते. डबा भरते, झाकण घट्ट लावते, मागच्या वेळी सांडलं होतं तसं नको. चपलांचे पट्टे मी लावते, तू वाकू नकोस. कोपऱ्यापर्यंत सोडायला येते, आभाळ आलं असेल तर छत्री घेऊन, ती काळी, लांब दांड्याची. माझा आवाज अगदी सरळ येत होता. आई ऐकतही नव्हती, तिने काही विचारलंही नव्हतं, आणि मी सांगतच होते.